डायल टोन

रोज सकाळी, चहाच्या आधी,
रिसीव्हर उचलून डाव्या कानाला लावते.
फोन कोणालाच करायचा नसतो.
फक्त तो आवाज बघायचा असतो,
एकसुरी, रुंद, सरकारी.
मग कॅलेंडरवर त्या तारखेखाली टिंब. आला.
अर्धवट टिंब. आला, पण लांबून.

निखिलेश म्हणतो, आई, बिल कशाचं भरतेस?
अख्ख्या दांडिया बाजारात ही एक वायर उरलीय,
तिच्यावर फक्त होले बसतात.
बसू देत.

चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली.
हेडफोन डावीकडे, पेन्सिल उजवीकडे.
सांगली बोला, नवसारी बोला,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
लोकांच्या मयती, साखरपुडे, उधाऱ्या
याच कानाशेजारून गेल्या.
गाठ निघाली तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला.
नाही बेन, डॉक्टर भावसार म्हणाले,
हेडफोनचा काही दोष नाही.
मला जरा वाईटच वाटलं.
कोणावर तरी ढकलता आलं असतं.

शेंगदाण्याएवढी. साधी. कॅन्सर नव्हे.
कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर.
अमदाबादला डोक्याभोवती चार स्क्रूंनी चौकट आवळली,
किरण सोडले, कपाळावर दोन ठिपके ठेवले
आणि संध्याकाळी घरी पाठवलं.
वाटेत हायवेवर मी इडलीसुद्धा खाल्ली.

गाठ जाणार नाही, वाढू नये एवढंच बघायचं.
आणि कान?
भावसारांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
निम्म्याशिम्म्यांचा राहतो, म्हणाले, काही वर्षं.
कामापुरता.
कुठल्या कामापुरता, ते विचारायचं राहिलं.

दर सहा महिन्यांनी ती बंद खोली.
हेमलताबेन मोहिते, बीप आली की बटण दाबा.
कागदावर उजव्या कानाचे लाल गोळे,
डाव्याच्या निळ्या फुल्या.
गोळे वरच्या मजल्यावर ठाण मांडून,
फुल्या एकेक पायरी उतरतायत.
कधी कधी मी चोरून दाबते.
मशीनवरची ऋत्वी म्हणते, मासी, आत्ता आवाज नव्हता.
माहितीये गं. पण येणार होता ना?

शब्दांची परीक्षा त्याहून वाईट.
ती म्हणते पान, मी म्हणते कान.
पावसाळ्यात ट्रंक लाइनवर असंच व्हायचं,
माणूस असायचा, बोलणं यायचं नाही.
तेव्हा मी मधे पडायचे,
ते म्हणतायत, पैसे पाठवा.
आता मधे कोण पडणार?

परवा मंगळवारी टोन आला नाही.
ठेवला. पुन्हा उचलला.
काहीच नाही. नुसतं प्लॅस्टिक, गार.
स्टुलावर बसले.
दूध उतू गेलं, उजव्या कानाने ऐकलं, उठले नाही.
हाच तर तो दिवस. बरं. मंगळवार.
आणि मग, कशी बुद्धी झाली कोण जाणे,
रिसीव्हर उजवीकडे लावला.
तिथेही नाही!
लाइन मेली होती. लाइन!
इतक्या आनंदाने तक्रार
अख्ख्या नोकरीत कोणी नोंदवली नव्हती माझ्याकडे.

गुरुवारी कनुभाई लाइनमन आला.
जिन्याखाली उंदराने वायर कुरतडलेली.
हवे लँडलाइन कोण राखे, बेन? असं म्हणत
शिडी लावून खांबावर चढला
आणि वरून रिंग दिली.
मी डाव्या कानाला लावला.
संभळाय छे?
हे ऐकलं, की तो हेच विचारणार म्हणून कळलं,
ऋत्वीलाच विचारायला हवं.
पुढचं तर शब्द नव्हतेच,
एक माणूस होता, वर, उन्हात, खरखरत.
खिडकीतून त्याला हात केला.
हां, म्हटलं.
बोला.