दोन सूत

जुन्या बाजारात बुधवारी
मुनाफभाईंनी रुळाचा तुकडा पायानंच पुढं ढकलला,
हातभर लांब, एका टोकाला गॅसकटरनं कुरतडलेला.
"ताई, घरात काय करणार याचं?"
"ऐरण."
त्यांनी किलोमागं पाच रुपये कमी केले
आणि पुढं काही विचारलं नाही.
रिक्षावाल्यानं मात्र धायरीपर्यंत
तीनदा मागं वळून पाहिलं.

टेम्पोचा टाकाऊ ब्रेक ड्रम, ही भट्टी.
आतून माती नि राख लिंपली.
चूल लिंपणं आयुष्यात आलं नव्हतं,
ते या वयात, मागच्या अंगणात, यूट्यूबशिवाय.
बुडातून पाइप, पाइपाला शाल्मलीचा हेअर ड्रायर.
"आई, तो आयोनिक आहे!"
असू दे. कोळशाला काय त्याचं.

बत्तीस वर्षं भोसरीत मी लोखंड मोजलं.
थंड, तेल लावलेलं,
ट्रेमध्ये ओळीनं निजवलेलं.
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचं,
दहा मायक्रॉन जास्त? लाल ठिपका.
किती ट्रे परत पाठवले याचं रजिस्टर होतं,
कुणाचा ओव्हरटाइम त्यात बुडाला
याचा रकाना नव्हता.
ठिपका सोडला तर लाल असं
त्या लोखंडात काही पाहिलं नाही.

पहिल्यांदा पेटवली ती भर दुपारी.
उन्हात सळईचा रंगच दिसेना.
अजून थोडं, अजून थोडं म्हणता
ती फुलबाजीसारखी तडतडली,
बाहेर काढली तर टोक नव्हतंच.

रुक्मा पडवळकर नांदेड फाट्याला बसते.
नवरा सांडशी धरतो, घण ती घालते.
माझी जळकी सळई तिनं
करपलेली भाकरी बघावी तशी बघितली.
"सांजचं पेटव. उजेडात बघून कुणाला कळलंय?
पांढऱ्या पाइपाला तापवू नको, धुरानं ताप भरतो.
नायलॉन नेसू नको.
आन् हातोडा एवढा आवळू नको,
त्यो काय पळून चाललाय?"
मी वहीत लिहून घेतलं.
नवरा-बायको दोघंही हसले.

मग रोज संध्याकाळी.
शेजारचे खिंवसरा भिंतीवरून म्हणाले,
"किती वाजेपर्यंत?"
"साडेसात."
साडेसात वाजून एक मिनिटानं
ते खोकतात.
त्याआधी अर्धा तास
भिंतीपलीकडं त्यांची खुर्ची करकरते,
माझ्या ठोक्यांच्या थोडी मागून.

हातावर दोन फोड, ओढणीला भोक.
लोखंड काळ्याचं जांभळं होतं, मग गाजरी, मग केशरी,
आणि केशरी टिकतं
सात-आठ घावांपुरतंच.
त्यातले तीन माझे रुळावर पडतात.

अकराव्या संध्याकाळी आकडा झाला.
टोक निमुळतं, मान वळलेली,
कणा दोन सूत डावीकडं.
हात आपोआप कपाटातल्या व्हर्निअरकडं गेला,
नि थांबला.
तापलेल्याचं माप खोटं येतं,
वीस अंशांवर आल्याशिवाय मोजू नका,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचे.
निवायला ठेवला.
निवल्यावर मोजायचं विसरले.

रुक्मानं तो बोटावर तोलला.
वाकडेपणाबद्दल एक अक्षर नाही.
"कशाला केलास?"

मी गप्प.
बत्तीस वर्षांत एकाही पिनेला
ती कुठल्या गाडीत बसते,
कुठल्या घाटात काय पेलते
हे विचारलं नव्हतं. ड्रॉइंगवर फक्त नंबर असायचा.

"काय टांगायचं ते ठरवून मान वाकवायची, बाई.
बादलीला येगळी, कंदिलाला येगळी."

घरी येऊन आकडा हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले.
किल्ल्यांना मोठा. पिशवीला आखूड.
शाल्मलीनं तो माझ्या हातातून घेतला,
न्हाणीघराच्या दाराशी धरला
आणि त्यावर अडकवला ड्रायर.
दोन सूत डावीकडं असल्यानं
वायर बरोब्बर भिंतीपासून सुटी राहिली.

म्हणजे आता भट्टीला
दुसरा वारा बघणं आलं.
रविवारी जातेच आहे बाजारात.
मुनाफभाईंकडं कोपऱ्यात एक भाता होता,
चामडं फाटलेला.
चामडं शिवता येतं का मला?
नाही.