गुणवही

पहिल्या वर्षी आकडे शिवलेलेसुद्धा नव्हते.
पाठीवर चिकटपट्टीचे. घामाने साताची आडवी पट्टी सुटायची
आणि चांगली धावती पोरगी एक नंबर होऊन बसायची.
फाउल कुणाच्या नावे मांडू?
मी टेबलावरून ओरडायचे, मार्लिस, ही कोण?

मार्लिस ओस्ट्बी. सत्तावीस वर्षांची, पाच फूट दोन इंच.
कॉलेजने तिला पोहणं दिलं, टेनिस दिलं,
आरोग्यशास्त्राचे दोन वर्ग दिले
आणि वर कोथिंबिरीची काडी टाकावी तसं
"मुलींचं ते बास्केटबॉल".

मुलांचं आटोपलं की जिम आमची. रात्री साडेनऊ.
व्हॅन तीच चालवायची.
उणे तीसमध्ये, मिनेसोटाच्या त्या सपाट काळोखात
रस्ता कुठं संपतो नि शेत कुठं लागतं कळायचं नाही.
मागे दहा पोरी एकमेकींच्या खांद्यांवर,
पुढे मी, लायब्ररीच्या कार्डाने काचेवरचं बर्फ खरवडत.
पहाटे दोनला लाँड्रीत नाणी टाकून
ती गणवेश धुवायची, आणि यंत्राकडे बघत उभी राहायची
जणू तेही कुणीतरी हरतंय.

पगाराबद्दल कधी बोलली नाही.
बुटांबद्दल एकदा.
ट्वायलाचे बूट, तळ उसवलेले, ओले,
डीनच्या टेबलावर त्याच्या कागदांवर ठेवले
आणि दार न लोटता निघून आली.

देवी नव्हती ती. हेही लिहून ठेवते.
लव्हॉनला सुजल्या घोट्यावर खेळवलं होतं तिने, ब्याऐंशी साली.
लव्हॉन अजून जिना एकेक पायरीने चढते,
अजून नाताळला कार्ड पाठवते.
मार्लिस ते कार्ड उघडून वाचते,
मग पुन्हा पाकिटात घालते, बाकीची भिंतीवर लावते.

एक टाइमआउट ती नेहमी मागे ठेवायची,
बाई पिठाच्या डब्यात नोट ठेवते तसा.
अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये एका गुणाने गेलो,
नोट डब्यातच राहिली.
परतीच्या दोनशे मैलांत कुणी खोकलंदेखील नाही.

माझ्याकडे एकतीस वह्या आहेत.
तीनशे अठ्ठ्याण्णव विजय.
लोक म्हणाले, दोनच राहिलेत, अजून एक वर्ष काढ की.
ती म्हणाली, गुडघा मोजत नाही.

शेवटचा सामना. तेवीस गुणांनी मागे, नऊ सेकंद.
लोक कोट चढवत होते.
आणि तिने दोन्ही तळहात जोडून इंग्रजी टी केला.
पंचाने माझ्याकडे पाहिलं, खरंच?
मी मान हलवली. शिल्लक होता.

ती खाली बसली, तो गुडघा धरून,
फळ्यावर खडूने रेघा ओढल्या,
जणू नऊ सेकंदांत तेवीस गुण फिटणार होते.
बॉल जेनेलला, म्हणाली. डाव्या कोपऱ्यात.
जेनेल क्वाम, वर्षभरात अकरा मिनिटं खेळलेली,
तिने मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी जेनेल आहे का.

पाचही जणींनी रेघ न रेघ पाळली.
इतकं मोकळं मी कुणालाच उभं पाहिलेलं नाही.
बॉल कड्यावर दोनदा नाचला,
मग बाहेर आला.

आमच्या वहीत न पडलेल्या बॉलला घर नसतं.
त्या नऊ सेकंदांचं कागदावर काहीच नाही,
फक्त टाइमआउटच्या रांगेत, शेवटच्या चौकटीत,
एक फुली. तिला मी जरा जोरच दिला.

नेहमीसारखी ती टेबलापाशी आली,
वही स्वतःकडे फिरवली, बेरीज तपासली.
जेनेलचा तो?
नाही लिहीत गं आपण.
ठाऊक आहे, म्हणाली,
आणि माझी पेन्सिल कानामागे खोचून गेली.
अजून परत दिलेली नाही.