सकाळी पिशवी रिकामी हवी

धडधाकट कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी
पहाटे रिकामी असते.
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं,
जुलैच्या कडाक्यात, कपडे धुण्याच्या खोलीत,
मांडीवर बटण घेऊन बसलो असताना.
बटण म्हणजे टॅम्सिनची तपकिरी कोंबडी.
टॅम्सिन म्हणजे हेस्टरची मुलगी.
आणि मी म्हणजे
मार्चपासून ज्याचे बूट या घराच्या दाराशी असतात, तो.

पिशवी रिकामी नव्हती.
बोटांना लागला गोळा,
शिवण उसवलेल्या जुन्या क्रिकेटच्या चेंडूसारखा.
सफरचंदांच्या झाडांखालचं लांब, चिवट गवत.
ते मी कापणार होतो, गेल्या शनिवारी,
त्याच्या आदल्या शनिवारीसुद्धा.
कुणी काही बोललं नाही.
टॅम्सिनने खिडकीतून बागेकडे पाहिलं
आणि मग माझ्याकडे.

ह्युऑनव्हिलच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
सोमवारी घेऊन या, तोवर दाणा बंद.
कोमट पाणी, ऑलिव्हचं तेल थेंब थेंब,
आणि चोळा, हळू, पुन्हा पुन्हा.
उलटी मात्र धरू नका,
श्वासात गेलं तर संपलं.
कुंपणापलीकडून बार्नबी म्हणाला,
आमची आई दाढीच्या पात्याने चीर द्यायची,
गवत उपसायची, पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकायची.
"त्यातल्या किती जगल्या?" टॅम्सिनने विचारलं.
बार्नबी कुंपणाचा एक खिळा
फार लक्षपूर्वक तपासू लागला.

शनिवारी रात्री हेस्टर होबार्टला, इस्पितळात, पाळीवर.
घरात आम्ही तिघं.
एक बोलत नव्हती,
एकीला गिळलेलं उतरत नव्हतं,
आणि मी, जो हॅचरीत सॅमनची लाखभर पिल्लं सांभाळतो
आणि त्यांतल्या एकालाही नावाने ओळखत नाही.

तिने टॉवेलात गुंडाळून धरली, मी चोच उघडली.
पहिले थेंब माझ्या बाहीवर,
दुसरे भिंतीवर, तिथे ते अजून आहेत.
"कडेने सोडायचं," टॅम्सिन म्हणाली,
मला नाही, टॉवेलाला.

मग चोळणं.
अंगठा आणि दोन बोटं. पिसांखाली कातडी इतकी पातळ
की काडी न् काडी हाताला कळावी.
चोचीतून आंबूस वास,
रात्रभर उघड्या राहिलेल्या बिअरचा.
कोंबडीची पापणी खालून वर मिटते,
हेही तेव्हाच कळलं.
दोन वाजता चोळलं. चार वाजता चोळलं.
बाहेर टिटव्या कुणावर तरी ओरडत होत्या,
आणि माझ्या तळहाताखाली ते इवलं काळीज
इतक्या घाईत, इतक्या घाईत
की मीच श्वास धरून बसलो.

रविवारी सकाळी गोळा तेवढाच.

दुपारी पावसात गवत कापलं.
यंत्र सुरू होईना म्हणून कोयत्याने, वाकून, वेड्यासारखं.
मागे वळलो तर टॅम्सिन पिवळ्या रेनकोटात
कापलेलं गवत पोत्यात भरत होती.
दोघंही बोललो नाही.
पण पोतं दोघांनी उचललं.

रात्री गोळा अक्रोडाएवढा. किंवा मला तसं वाटलं.
रात्रभर जागायचं ठरवून
मी धुण्याच्या यंत्राला टेकलो आणि झोपलो.

"डूगल."
उजाडलेलं नव्हतं नीट.
"डूगल, बघ ना."
पाच महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव,
तेही शिटेसाठी.
वर्तमानपत्रावर, एका विकाऊ होडीच्या जाहिरातीवर,
हिरवट, काळपट, गवताच्या धाग्यांची,
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून
तिच्याकडे बघत होतो.
गळ्याखाली हात घातला.
काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखी
सैल, ऊबदार, रिकामी.

बाई म्हणाल्या होत्या, उतरलं तर मऊ काहीतरी द्या,
चिमूटभरच.
फ्रीजमध्ये मऊ असं एकच होतं.
मी ते उकडलं, काट्याने कुस्करलं.
बटणने मान वाकडी करून पाहिलं,
एकदा टोचलं, आणि मग थांबेचना.

"तिला सांगू नकोस हं," टॅम्सिन हळूच म्हणाली,
"ते कुणाचं अंडं आहे."