सहीचा रकाना

मिरजेत हॉस्पिटलं जास्त की मेडिकलं,
हे कुणी मोजलेलं नाही.
आमचं दुकान लक्ष्मी मार्केटकडं वळताना डाव्या हाताला.
वर लॉज, खाली आम्ही.
मी ट्रेनिंगला आहे, पाचशे तासांच्या.
तीनशे बारा झाले.

कायदा भिंतीवर लावलेला आहे:
फॉर्म वीस, फॉर्म एकवीस,
आणि काचेमागं त्रिशला बाबगोंडा चौगुले,
रजिस्टर्ड फार्मासिस्ट.
दोन वेण्या, बारीक टिकली,
गालावर शिक्क्याचा अर्धा चंद्र.
लग्न होऊन जयसिंगपूरला असते म्हणे.
पाच तारखेला आण्णा मगदूम तिच्या खात्यावर पैसे टाकतात
आणि काचेवरून फडकं मारतात.
एवढीच तिची हजेरी.
शेजारी एक खिळा आधीच ठोकलेला.
'आफरीन, तुझं आलं की तिथं.'

कलम बेचाळीस मला तोंडपाठ:
ज्याची नोंदणी नाही, त्यानं औषध द्यायचं नाही.
टेस्टला पाचपैकी पाच.
मॅडमनी शेरा मारला, उदाहरण हवं होतं.

उदाहरण रोज दहा ते आठ काउंटरमागं उभं असतं.
इन्शुलिन दोन ते आठ अंशांत,
त्याला टेकून आण्णांची ताकाची बाटली.
अथणीचे आजोबा कन्नडमधून दुखणं सांगतात,
मी बोटांनी दाखवते सकाळ, दुपार, रात्र.
'झोपेच्या चारच द्या' म्हणणाऱ्याला एकदा चिठ्ठी मागितली,
तर म्हणाला, पलीकडच्या दुकानात नाही वाटतं कायदा.
आण्णा माझ्याकडं बघत राहिले.
काही बोलले नाहीत. गल्ला मोजला.

लाल चौकटीचं औषध निघालं की रजिस्टर उघडायचं.
डॉक्टर, पत्ता, पेशंट, औषध, नग.
तीन वर्षं जपायचं.
शेवटचा रकाना सहीचा,
तिथं मी त्रिशला होते.
'त्रि'चा फराटा लांब, खाली दोन टिंबं.
पहिला आठवडा हात अडखळला.
आता नाही.

घरी अब्बा सतारीला पडदे बांधतात,
तयार भोपळ्यावर पट्टी चिकटवतात
पुण्याच्या दुकानाची.
तुमचं नाव? मी विचारलं एकदा.
म्हणाले, सूर माझा आहे की. बस झालं.
मला ते पुरत नाही.

परवा तिनाच्या सुमाराला आण्णा जेवायला गेलेले.
एक बाई आल्या, अंगात ताप, आवाज पार बसलेला.
चिठ्ठी ताजी. सेफिक्झिम, दहा गोळ्या.
स्ट्रिप हातात पडताच त्यांनी उलटी केली,
बॅच वाचली, तारीख वाचली,
एकेक फुगवटा अंगठ्यानं चाचपला.
गिऱ्हाईक असं करत नाही.
गिऱ्हाईक विचारतं, गुण येईल ना?

'पेशंटचं नाव?'
'त्रिशला आवटी.'

लिहिलं. पत्ता लिहिला, जयसिंगपूर.
नग दहा.
मग पेन शेवटच्या रकान्याशी आलं आणि उभं राहिलं,
फाटकापाशी सायकल उभी राहते तसं.
वर बघायचं नाही असं ठरवलं,
तरी बघितलं.
वेण्या गेल्या होत्या. टिकली तीच.

त्यांनी रजिस्टर स्वतःकडं वळवलं.
मागची पानं चाळली, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी,
पानापानाला त्या होत्या.
'मी "त्रि" असा नाही काढत,'
बसक्या आवाजात म्हणाल्या.
रागावल्या होत्या की नाही, कळलं नाही.
त्या आवाजात काहीच कळलं नसतं.

मग सुटे पैसे मोजून ठेवले.
'बिल द्या. बॅच नंबर घालून.'
मी घातला.
'सगळा कोर्स घ्या,' मी म्हणाले, 'मध्येच सोडू नका.'
त्या थांबल्या.
'हे बरोबर सांगितलंस.'

आण्णा आले, हात पुसत,
पान वाचून म्हणाले, 'हे रिकामं का?'
'फार्मासिस्ट आत्ताच गेल्या,' मी म्हणाले.
'कोण?'
'एसटी स्टँडकडं गेल्यात. चालत.
गाठता आलं तर बघा.'