वाऱ्याचं पाऊल

यंत्र साडेसतरा किलोचं. जादाची बॅटरी माझ्या पाठीवर,
कारण रान्वा म्हणाली, तू नाहीतरी रिकाम्या हातानंच येणार.

कोपनहेगनहून आलेला थोर्किल्ड
तिच्या मांड्यांवरचे पट्टे आवळतो, पुन्हा सैल करतो,
विचारतो, टोचतंय का?
मला कसं कळणार, ती म्हणते, तूच बघ.
तो कानापर्यंत लाल.

डोंगरापलीकडच्या गावाला आता बोगदा आहे.
चार मिनिटं. रेडिओवरच्या बातम्याही पुऱ्या होत नाहीत.
बाबा टपालाची पिशवी घेऊन
आठवड्यातून तीनदा या वाटेनं जायचे,
दगडांच्या उतरंडी धुक्यात चाचपत.
मागं रान्वा. मी घरी, मला खोकला असायचा.
म्हणून वाट तिला ठाऊक, मला नाही.
आणि पाय नाहीत म्हणावं तर आहेत तिला,
नऊ वर्षं न झिजलेल्या बुटांत.

यंत्राचा नियम साधा:
छाती पुढं झुकली की पाऊल.
झुकली,
पाऊल.
मधे घरघर, आईच्या शिवणयंत्राची असायची तशी.
मेंढ्या माना वर करून बघतात.
एक तर मागंच लागते,
तिला वाटत असावं, खायला मिळेल.

तिसऱ्या उतरंडीपाशी वारा फिरला.
आमच्या बेटावरचा वारा, दार न वाजवता आत येणारा.
त्यानं तिच्या पाठीला रेटा दिला, ती झुकली,
यंत्राला वाटलं, हिला जायचंय.
पाऊल.
पुन्हा झोत. पाऊल. पाऊल.
थोर्किल्ड ओरडला, बटण, बटण दाब!
बटण काठीच्या मुठीवर होतं.
मी पाहिलं, तिनं अंगठा उचलून
लांब धरला होता.

अकरा मोजली मी.
बाराव्याला ती गवतात आडवी, कुशीवर.
हसतेय असं वाटलं.
जवळ गेलो तर चिडलेली.
उचलू नकोस. बाबा इथंच बसायचे.

इथं बसून ते पत्रं लावून घ्यायचे, घरांच्या क्रमानं,
आणि एखादं तिच्या नाकाशी धरायचे.
ओळख, कुणाचं?
तंबाखू. साबण. वाळवलेलं मटण.
एकदा नुसताच कागदाचा वास आला,
तेव्हा बाबा काही बोलले नाहीत,
ते पत्र सगळ्यात खाली ठेवलं.

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

बॅटरी एकोणीस टक्के. शिखर अजून दोनशे मीटर वर.
थोर्किल्ड वही काढून बसला, वाऱ्यात पान धरून:
पडणं, एक. पावलं...
मग अडला. ती अकरा धरायची का?
ती तशी तिची नव्हती.

रान्वानं केसांतलं गवत काढलं.
बाबांना कुणी विचारायचं नाही, म्हणाली,
वारा मागून होता की पुढून.
पत्र आलं का, एवढंच विचारायचे.

त्यानं काय लिहिलं ते मला दिसलं नाही.
मेंढी येऊन यंत्राचा गुडघा चाटत होती,
आणि रान्वा तिला चाटू देत होती.