अस्तर

फिलोमिनाबाईंनी नातीचा बाप्तिस्म्याचा फ्रॉक शिवून घेतला
वर्तकनगरच्या माझ्या फॉल-पिकोच्या गाळ्यात,
आणि साडेचारशे मोजायच्या वेळी म्हणाल्या,
तीनशे घे. उरलेल्याचा केक शिकवते.
मी सूट देत नाही कुणाला.
पण ओव्हन घरी येऊन आठ दिवस झाले होते
आणि त्यात मी फक्त पापड भाजले होते.

आधी अस्तर, त्या म्हणाल्या.
मला हसू आलं.
तीस वर्षं दुसरं काय लावत आले मी?
भिजवून, वाळवून, इस्त्री मारून,
नाहीतर पहिल्या धुण्यात ते आतून आखडतं
आणि वरचं कापड तोंड वाकडं करतं.

बटर पेपरची चौकोनी घडी,
मग तिकोनी, मग आणखी एक,
टोक डब्याच्या मध्यावर, कडेपाशी कातर.
उलगडला तर अंब्रेला कटचा घेर!
हे तर मला येतं, मी म्हणाले.
येणारच, म्हणाल्या, पण कागदाखाली तूप लाव,
इथे टाचणी नाही लावता येत.
बाजूची पट्टी दोन बोटं उंच ठेवली,
खालच्या कडेला कातरे दिले,
गळ्याच्या गोलाईला देतो तसे.

एका मंगळवारी कागद संपला.
गाळा बंद, मी एकटी, पीठ फेटून तयार.
शेल्फवरचं वर्तमानपत्र घेतलं.
केक पालथा केला तर तळाला अक्षरं,
उलटी, तपकिरी, तुपात भिजलेली.
दिगंबरनी तो उचलून आरशापुढे धरला
आणि बनियनवर उभे राहून मोठ्याने वाचला:
घोडबंदर रोड, वन बीएचके, ताबा दिवाळीत.
किमतीतले शेवटचे दोन आकडे करपले होते
त्यामुळे परवडेल असं वाटलं.

सव्वीस वर्षं आमची अकरा-अकरा महिन्यांची.
दोघं इतके हसलो की खालच्या देवाडीकर
काय झालं विचारायला वर आल्या.
शाई पोटात जाते म्हणून तळ कापून टाकला,
वरचा त्यांनाही दिला.
टाकलेल्या चकतीकडे मात्र
भांडी होईपर्यंत दोनदा बघितलं मी.

आई धोंडस करायची तेव्हा
पातेल्याला हळदीची पानं लावायची,
वर निखारे, खाली निखारे.
पान आपला वास देऊन मग सुटायचं.
हा कागद काहीच देत नाही.
फिलोमिनाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या,
काही घेत पण नाही ना?

खरंच घेत नाही.
आमच्याकडे पाणी साडेपाच ते सव्वासहा.
पूर्वी ढोकळ्याचा डबा रात्रभर भिजत पडायचा,
पहाटे तारेच्या घासणीनं खरडताना
अंगठ्याचं नख अर्धं झिजायचं,
त्याच नखानं दिवसभर शिवण उसवायची.
आता डबा निघतो तसाच्या तसा.
फडकं फिरवलं की फळीवर.

पहिले काही दिवस करमेना.
इतकं भाजलं, फुगलं, तडकलं आत,
आणि डब्याला त्याचा पत्ता नाही.
ब्लाउज उलटा करून कोण बघतं म्हणा.
गळा बघतात, बाही बघतात.
अस्तर आठवतं फक्त टोचलं तर.

काल सोललेला कागद मी बादलीत टाकणार
तोच दिगंबरनी मागितला.
चमच्याने खरवड काढत बसले,
दुधाच्या पातेल्याची काढतात तशी,
सावकाश, कडेकडेनं, आवाज करत.
मग रिकामा कागद ट्यूबलाइटसमोर धरला.
तेल पिऊन आरपार झालेला,
कडेला माझ्या कातरीचे बारीक दात.

गोलाई चांगली बसलीय, म्हणाले.

मी म्हटलं, चमचा धुऊन ठेवा.