सुरुवात तीच

गोळीबार चौकात आमच्या गच्चीवर
पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक आहे.
चार उन्हाळे झाले, दर दहा मिनिटांनी
तो मागाच्या टिनाखालचं तापमान लिहितो.
पगार नाही, सुटी नाही,
पाच व्होल्ट, आणि धुळीसाठी वरून एक पांढरं फडकं.

या मे महिन्यात त्यानं लिहिणं सोडलं.
जागा नाही, एवढंच म्हणाला.
आठ जीबीचं कार्ड, चिंचोक्याहून लहान,
काठोकाठ.

बर्डीवर गेले. शफीकभाईंनी काचेवर बत्तीसचं कार्ड ठेवलं.
"ताई, लिहिलंय बत्तीस, तुम्ही एकोणतीस धरा."
रात्रभर नक्कल उतरवली,
कूलरमधलं पाणी दोनदा संपलं तोवर.
सकाळी नवं कार्ड खोचून विचारलं, किती मोकळं?
उत्तर: काही नाही. आठपैकी आठ.

नक्कल इतकी इमानदार
की भिंतसुद्धा उतरवून आणली.
पलीकडे बावीस जीबी मोकळं रान
आणि ह्याच्या लेखी तिथं जगच नाही.

बाबा मागे स्टुलावर येऊन बसले.
"काहून, नवीन आणलं नं?"
"आणलं. पण त्याले मालूमच नाही."
"मंग सांग नं त्याले."

सांगायचं म्हणजे आधी पुसायचं.
कोष्टकात दोनच ओळी. पहिली यंत्र उठवणारी,
दुसरीत चारही उन्हाळे.
ती दुसरी ओळ काढून टाकायची
आणि लगेच परत लिहायची,
सुरुवात तीच: पाच लाख बत्तीस हजार चारशे ऐंशी,
शेवट मात्र कार्डाच्या काठाशी.
आकडा मी शफीकभाईंच्या बिलामागे लिहिला,
बाबांना वाचायला लावला. दोनदा.
एक घर चुकलं तर उन्हाळे जाणार नाहीत,
असतील तिथंच,
कुणाला सापडणार नाहीत फक्त.

"ताणा सरला," बाबा म्हणाले,
"का आम्ही नवा सांधतो. जुनी टोकं सोडत नाही हातची.
एकेक गाठ. चोवीसशे गाठी.
मंग लुगड्याले मालूम बी पडत नाही."

ओळ पुसली. ओळ लिहिली.
यंत्रानं विचारलं: इथं जुनी सही दिसते, काढून टाकू?
बोट अडलं.
"कोनाची सही?"
"कोणाची नाही बाबा, आतल्या रचनेची."
"राहू दे."
नाही, असं दाबलं.

बंद केला, चालू केला.
हिरवा दिवा लुकलुकला, थांबला,
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
लागेना,
दिवा पुन्हा लुकलुकला.
मग आणखी एक हुकूम, कारण भिंत सरकली
तरी आत राहणाऱ्याला पाय पसर म्हणून
वेगळं सांगावं लागतं.

सव्वीस टक्के.

नोंदी उघडल्या. बावीस मे, दुपारी दोन चाळीस:
एकोणपन्नास पूर्णांक तीन.
त्याखालची ओळ आत्ताची, सव्वीस तारखेची.
दोन्ही ओळी एकमेकींना चिकटून,
जसं मध्ये काही झालंच नाही.

"मधातच तं खरं तपलं होतं," बाबा म्हणाले.
"कशावरून?"
"चोवीसले दुपारी अकरा डाव धागा तुटला.
खळ अशी वाळून जाये.
पंचवीसले मी मागावर बसलोच नाही."

तापमानाच्या रकान्यात हे बसत नाही.
तो रकाना मी रिकामाच ठेवला.
नव्या जागेत एक नवी फाइल उघडली,
नाव दिलं: धागे.
चोवीस मे, दुपार: अकरा.
पंचवीस मे:

बोट आकड्यांकडे गेलं, तसे बाबा उठले,
चष्मा नसतानाही पडद्याशी वाकले.
"शून्य नको लिहू.
शून्य म्हणजे तुटला नाही, असं होते."